रिकाम्या खोलीतले ऊन

एडवर्ड हॉपर (१८८२–१९६७) या अमेरिकन चित्रकाराच्या चित्रांतील माणसे एकमेकांशी क्वचितच बोलताना दिसतात. परंतु त्यांचे एकटेपण चेहऱ्यांवर शोधू गेल्यास फारसे काही हाती लागत नाही, कारण चेहरे बहुधा पुसट ठेवून हॉपरने सांगण्याचे सारे काम उन्हावर आणि दिव्यांच्या उजेडावर सोपवलेले असते. वास्तववाद, म्हणजे भोवतालचे साधे जीवन आहे तसे रंगवण्याची दृष्टी, त्याला न्यूयॉर्कमध्ये रॉबर्ट हेन्री या चित्रकाराकडून मिळाली. मात्र तो गर्दीच्या शहराकडे न वळता गर्दी पांगल्यानंतरच्या शहराकडे वळला.

१९४२ साली पूर्ण झालेल्या ‘नाइटहॉक्स’ (रात्री जागणारी माणसे) या चित्रात एका कोपऱ्यावरचे उपाहारगृह दिसते. रस्त्यावर दिवा नाही. आतला ट्यूबलाइटसारखा पांढरट उजेड, जो त्या काळी शहरांना नवाच होता, काचेतून बाहेर सांडून फरसबंदीवर हिरवट होतो. आत येण्याजाण्यासाठी रस्त्याकडचे दार चित्रात कुठेच दिसत नाही, त्यामुळे तिथली चार माणसे त्या उजेडात जणू कोंडलेली वाटतात आणि प्रेक्षक मात्र काळोखात, काचेबाहेर उभा राहतो.

तरीही हॉपरचा सारा प्रकाश असा कोंडणारा नाही. ‘मॉर्निंग सन’ (१९५२) या चित्रात पलंगावर पाय दुमडून बसलेली स्त्री उघड्या खिडकीकडे पाहते आहे आणि तिच्यामागच्या भिंतीवर उन्हाचा एक लख्ख चौकोन पडला आहे. चित्रासाठी त्याची पत्नी जोसेफिन बसली होती. पूर्वतयारीच्या रेखाटनावर हॉपरने तिच्या देहाच्या कोणत्या भागावर रंग उबदार, कोणत्या भागावर थंड, याच्या बारीक नोंदी करून ठेवल्या आहेत. इतक्या निगुतीने टिपलेल्या उन्हात बसलेल्या या स्त्रीला केवळ एकाकी म्हणणे अन्यायाचे होईल. मराठीत एकटेपण सोसावे लागते, एकांत मात्र मागून घेतला जातो, आणि हे चित्र दुसऱ्या शब्दाच्या अधिक जवळचे आहे. आपल्या चित्रांतील एकाकीपणाची चर्चा अती होते, असे खुद्द हॉपरलाही वाटत असे.

‘अर्ली संडे मॉर्निंग’ (१९३०) या चित्रात बंद दुकानांच्या रांगेवर सकाळचे तिरपे ऊन पसरले आहे. वरच्या मजल्यावरील एका खिडकीत हॉपरने आधी एक माणूस रंगवला होता आणि नंतर तो रंगाखाली झाकून टाकला. तेहतीस वर्षांनी, १९६३ मध्ये, ‘सन इन ॲन एम्प्टी रूम’ रंगवताना त्याने माणसाबरोबर सामानही वगळले: खिडकीबाहेर झाडाची गर्द पालवी आहे, आणि आत उघड्या भिंतींवर उन्हाचे दोन फिकट पिवळे पट्टे.