ओढ्याकाठचा सिकॅमोर

बुलढाणा जिल्ह्यात, मेहकर आणि सिंदखेडराजा यांच्या मधल्या पट्ट्यात लोणार तालुक्यातलं बीबी हे गाव येतं. या भागात कडुनिंब, बाभूळ, आंबा ओळखायला कुणाला शिकवावं लागत नाही. उंबराचं तसं नाही. पारावर दत्ताच्या पादुकांजवळ उभा असला की आपण हात जोडतो, आणि तोच नाल्याच्या काठी दिसला की न पाहता पुढे जातो. जगात सिकॅमोर म्हणून गाजलेल्या झाडाचा तो जवळचा भाऊबंद आहे, म्हणून त्याची नीट ओळख करून घेऊ.

सिकॅमोर म्हणवणारी झाडं मुख्यतः तीन. इंग्लंडमधला मेपलच्या कुळातला. उत्तर इंग्लंडमधलं त्याचं एक प्रसिद्ध झाड सप्टेंबर २०२३ मध्ये रात्री कापलं गेलं आणि सारा देश हळहळला. अमेरिकेतला काश्मीरच्या चिनाराचा नातलग. आणि हे नाव मुळात ज्याचं, तो इजिप्त-पॅलेस्टाइनमधला फायकस सिकोमोरस. प्राचीन इजिप्तमध्ये शवपेट्या याच्या लाकडाच्या होत, हाथोर देवीचा वास याच झाडात मानत. यरीहो गावात येशूला पाहण्यासाठी बुटका जक्कय चढला तो याच्यावरच. आपला उंबर, फायकस रेसेमोसा, वनस्पतिशास्त्रात याच उपगटात बसतो.

उंबर ओळखायचा तो फळांवरून. वड-पिंपळाची फळं पानांच्या बगलेत येतात. उंबराची थेट खोडावर आणि जाड फांद्यांवर, घोसांनी लगडतात. आधी हिरवी, पिकली की तांबडी. फळं नसतील तेव्हा पान पाहावं : लांबट, टोकदार, गुळगुळीत, आणि बरेचदा बारीक कीटकांमुळे त्यावर फोडांसारख्या गाठी आलेल्या. पान तोडलं की पांढरा चीक. वडासारख्या पारंब्या याला सहसा नसतात. फसगत होते ती काळ्या उंबराशी. त्याची पानं खरखरीत आणि समोरासमोर येतात, उंबराची एकाआड एक. शिवाय काळा उंबर अंगाने लहान राहतो.

आता फळाच्या आत डोकावू. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण ज्याला आपण फळ म्हणतो ती बंद पिशवी असते आणि शेकडो फुलं तिच्या आतच फुलतात. टोकाच्या बारीक छिद्रातून एक इवलीशी गांधीलमाशी आत शिरते. शिरताना तिचे पंख मोडतात. सोबत आणलेला पराग ती फुलांवर टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि तिथेच मरते. पुढच्या पिढीतले बिनपंखी नर आधी फुलांतून बाहेर पडतात, माद्यांशी मीलन करतात, फळाच्या भिंतीला भोक पाडतात आणि संपतात. त्या वाटेने माद्या पराग घेऊन दुसऱ्या उंबराकडे उडतात. पिकलं उंबर फोडल्यावर किडे दिसतात म्हणून आपण नाक मुरडतो. पण तेच किडे नसते तर बी धरलंच नसतं. इजिप्तमधल्या सिकॅमोरचं तेच झालं आहे. तिथे त्याची माशी नाही, म्हणून फांद्या लावूनच झाड वाढवावं लागतं, आणि फळ पिकावं म्हणून त्याला चिरा देण्याची रीत हजारो वर्षांची आहे. आपल्या उंबराचा संसार अजून शाबूत आहे, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

वर्षात अनेकदा फळणारं हे झाड हरियाल, तांबट, वटवाघळं, माकडं अशा सगळ्यांना पोसतं. रानात दुसरं काही पिकलेलं नसतं तेव्हा याचं मोल कळतं. त्याला ओलावा आवडतो; वराहमिहिराने सहाव्या शतकातल्या बृहत्संहितेत जमिनीखालच्या पाण्याच्या खुणा सांगताना उंबराचं नाव घेतलं आहे. पाण्यासाठी आकाशाकडे डोळे लावणाऱ्या आपल्या भागाने हे ध्यानात ठेवावं. उंबर दिसला म्हणजे विहिरीला पाणी लागेलच असं नव्हे, पण ती जागा कोरडी नाही एवढं तो सांगतो.

पाखरांच्या विष्ठेतून पडलेलं बी जुन्या विहिरींच्या दगडांत रुजतं. तिथे रोप वाढलं तर बांधकाम फुटतं, म्हणून लोक ते उपटून टाकतात. फेकू नका. पावसाळ्यात मुळासकट काढून ओढ्याच्या काठी, घरापासून आणि पाइपलाइनपासून लांब लावा. आणि नाला सरळ करताना, बांध साफ करताना खोडावर तांबडे घोस दिसले, तर जेसीबी तेवढा बाजूने घ्यायला सांगा.