ट्रेलर, ट्रॅक्टरचा

ट्रॅक्टरच्या मागे जोडून शेतमाल, अवजारे, बांधकामाचे साहित्य किंवा घरसामान वाहून नेण्यासाठी वापरण्यात येणारे, स्वतःचे एंजिन नसलेले वाहन. बोलीभाषेत यास ट्रॉली म्हणतात. पोलादी सांगाडा, त्यावरील हौदा, आस, हवा भरलेल्या टायरांची चाके आणि ट्रॅक्टरला जोडावयाची दांडी हे याचे मुख्य भाग होत. हौद्याचे फाळके बिजागरीवर बसविलेले असल्यास ते खाली पाडून माल चढविता-उतरविता येतो. भरलेला ट्रेलर ओढण्यास ट्रॅक्टर समर्थ असला, तरी तो उतारावर आवरण्यास व थांबविण्यास समर्थ असेलच असे नाही. म्हणून ट्रेलरची निवड करताना ही दुसरी बाब निर्णायक मानावी लागते.

प्रकार : दुचाकी ट्रेलरात एकच आस असून भाराचा काही अंश दांडीमार्फत ट्रॅक्टरच्या मागील चाकांवर येतो. त्यामुळे चाकांची जमिनीवरील पकड वाढते आणि चिखलाच्या शेतवाटेवर त्याचा उपयोग होतो. हा ट्रेलर मागे घेणेही सोपे असते. चारचाकी ट्रेलराचा सर्व भार त्याच्या स्वतःच्या चाकांवर असतो व पुढील आस दांडीबरोबर वळते. त्यात अधिक माल मावतो आणि तो सोडून उभा करता येतो. परंतु तो मागे घेण्यास कौशल्य लागते. माती, खडी, शेणखत यांसाठी ट्रॅक्टरमधील द्रवीय पंपाच्या साहाय्याने हौदा तिरपा करणारा ट्रेलर सोयीचा असतो.

निवड : हौद्याचे आकारमान व त्याची भारक्षमता या दोन भिन्न गोष्टी आहेत. ३ मी. लांब, १·८ मी. रुंद व ०·६ मी. खोल हौद्याचे घनफळ सु. ३·२ घ. मी. असते. तो काठोकाठ गव्हाने भरल्यास भार सु. २·५ टन होतो, तर वाळूने भरल्यास तोच ५ टनांहून अधिक होतो. कडब्याने मात्र हौदा भरून वर रास रचली, तरी भार कमीच राहतो. म्हणून नेहमी वाहावयाचा सर्वांत जड माल विचारात घेऊन आस, टायर व ब्रेक ठरवितात आणि सर्वांत हलका माल विचारात घेऊन फाळक्यांची उंची ठरवितात.

ट्रेलरसह एकूण भार ६·५ टन असल्यास दहास एक अशा उतारावर सु. ६५० किग्रॅ. इतक्या भाराएवढे बल ट्रॅक्टरला पुढे ढकलते. वेग दुप्पट झाल्यास शोषून घ्यावयाची ऊर्जा चौपट होते. ट्रेलरास स्वतःचे ब्रेक नसल्यास तो ट्रॅक्टरला मागून रेटतो व वळणावर आडवा फिरवितो. त्यामुळे जड मालासाठी ब्रेक असलेलाच ट्रेलर घेणे इष्ट असते. ट्रॅक्टरच्या डाव्या व उजव्या ब्रेकची पायटे रस्त्यावर एकमेकांस जोडून ठेवणेही आवश्यक असते, अन्यथा एकाच बाजूचे चाक थांबून ट्रॅक्टर वळतो.

फेरबदल : उसासाठी फाळके काढून बाजूंना उभे खांब बसवितात आणि मोळ्यांखाली साखळ्या वा तारदोर अंथरतात. कारखान्यावर ते क्रेनला अडकवून सर्व ऊस एकदम उचलता येतो. पाण्याच्या टाकीसाठी ५,००० लिटर पाण्याचा भार ५ टन होतो, हे ध्यानात घ्यावे लागते. अर्धवट भरलेल्या टाकीतील पाणी ब्रेक लावताच पुढे उसळते, म्हणून टाकीत छिद्रांचे आडवे पडदे बसवितात. मळणीयंत्रासारखी अवजारे नेताना जड भाग तळाशी ठेवून त्यांच्या चाकांना ओंडक्यांची अटक देतात व चारही बाजूंनी ती साखळीने ताणून बांधतात.

केवळ अधिक माल मावावा म्हणून फाळके उंच करणे धोक्याचे असते. गुरुत्वमध्याची उंची दुप्पट झाल्यास ट्रेलर उलटण्यास पूर्वीच्या निम्मे आडवे बल पुरते. दुचाकी ट्रेलरात माल आसेच्या मागे गेल्यास दांडी वर उचलली जाऊन ट्रॅक्टरच्या मागील चाकांची पकड सुटते. माल फार पुढे आल्यास पुढील चाके हलकी होऊन सुकाणू निकामी होते. दांडी ट्रॅक्टरच्या मागील आसेपेक्षा उंच जोडल्यास चढावर ट्रॅक्टरची पुढील चाके उचलली जाऊन तो मागे उलटू शकतो.

सुरक्षितता : मोटार वाहन अधिनियम, १९८८ अन्वये ट्रेलरचा समावेश मोटार वाहनात होतो. नोंदणीपत्रात नमूद केलेल्या एकूण भाराहून अधिक भार वाहणे व मूळ तपशील बदलेल असे फेरबदल परस्पर करणे यांस त्यात प्रतिबंध आहे. महाराष्ट्रात गळीत हंगामात उसाची वाहतूक रात्रीही चालते. उसाच्या शेंड्यांनी मागील दिवे व परावर्तक झाकले जाऊन मागून येणाऱ्या वाहनास ट्रेलर दिसत नाही. नादुरुस्त होऊन रस्त्याकडेला उभ्या राहिलेल्या ट्रेलराबाबत हा धोका अधिक असतो. दिवे व परावर्तक मालाच्या टोकाशीही बांधणे हा यावरील अल्पखर्चाचा उपाय होय. बीडसारख्या जिल्ह्यांतून ऊसतोडणीस जाणारी कुटुंबे संसाराचे सामान, सरपण व चारा ट्रेलरात भरून नेतात. सामान बांधता येते, परंतु त्यावर बसलेल्या माणसांस कोणताच आधार नसतो. त्यामुळे सामान ट्रेलरातून व माणसे प्रवासी वाहनातून नेणे हीच सुरक्षित पद्धत ठरते.