नवें कोठून आणूं?

गेल्या मार्गशीर्षांतील गोष्ट. दिवेलागणीच्या वेळीं माझी अकरा वर्षांची नात कोरा कागद पुढें घेऊन मुसमुसत बसली होती. कोणाच्याहि कवितेसारखी नसलेली, अगदीं स्वतःची अशी कविता रचून आणण्यास शाळेंत सांगितलें होतें. "आजोबा, माझ्यांत नवें असें कांहींच नाहीं हो!" असें ती म्हणाली, तेव्हां मला हंसूं आलें नाहीं.

पूर्वीं मुलांना 'येत नाहीं' याची लाज वाटे. आतां 'सुचत नाहीं' याची वाटते. ही नवी लाज आली कोठून? १९५० सालीं अमेरिकन मानसशास्त्रज्ञ गिलफोर्ड यांनीं तेथील मानसशास्त्र-संघाच्या अध्यक्षपदावरून, सर्जनशीलतेच्या अभ्यासाची उपेक्षा होत आहे असें प्रतिपादन केलें, आणि या विषयाच्या संशोधनास मोठी चालना मिळाली. पुढें १९५६ त ब्लूम व त्यांचे सहकारी यांनीं बौद्धिक उद्दिष्टांची चढती श्रेणी मांडली. तिच्या शिखरावर मूल्यमापन, म्हणजे पारख होती. २००१ च्या सुधारित श्रेणींत तें स्थान निर्मितीस मिळालें, आणि पारख एक पायरी खालीं उतरली. अभ्यासकांचा हेतु निर्मळच होता. परंतु शिखर हें सर्वांचें नित्यकर्म होऊन बसलें. आज मुंजीची निमंत्रणपत्रिका असो वा दारापुढील रांगोळी, ती 'हटके' नसेल तर करणाऱ्यालाच ओशाळें वाटतें.

आमच्या साहित्यशास्त्रकारांनीं प्रतिभेचें महत्त्व कमी मानिलें नाहीं. परंतु मम्मटानें तिच्या जोडीला लोक, शास्त्र व काव्य यांच्या अवलोकनानें येणारी निपुणता आणि जाणत्यांच्या हाताखालील अभ्यास हीं ठेविलीं, व तिन्हीं मिळून काव्याचा एकच हेतु मानिला. कोऱ्या कागदाकडे पाहून नवें सुचावें, अशी त्याची अपेक्षा नव्हती. त्याच्याहि पूर्वीं राजशेखरानें प्रतिभा दोन प्रकारची सांगितली: निर्माण करणारी ती कारयित्री, आणि आस्वाद घेणारी ती भावयित्री. ही दुसरी नसेल तर कवीचे श्रम निष्फळ होत, असें त्याचें मत. रसिकतेलाहि त्यानें प्रतिभाच म्हटलें, हें ध्यानांत घेण्यासारखें आहे. सुमारें सहा शतकांपूर्वींचा मल्लिनाथ पाहा. मुळांत आधार नाहीं असें कांहींहि लिहिणार नाहीं, अशी प्रतिज्ञा करून तो टीकेस बसला; आणि आजहि कालिदास शिकणारा विद्यार्थी त्याचेंच बोट धरून चालतो.

मग पुन्हां घोकंपट्टीच आणावयाची काय? मुळींच नाहीं. एका मुलानें श्लोकाचा अर्थ आपल्या शब्दांत, माझ्याहून सरस लिहिला असतां, 'सांगितल्याप्रमाणें नाहीं' म्हणून मीं त्याचे गुण कापले होते. तें पाप मला अद्याप बोंचतें. सुचलेलें दडपणें जसें वाईट, तसेंच न सुचलेलें पिळून काढणेंहि वाईट.

त्या सायंकाळीं मीं नातीला कागद बाजूस ठेवावयास सांगून, तिच्या आवडीची एक कविता पणजीला वाचून दाखविण्यास धाडलें. माझ्या आईची दृष्टि आतां मंदावली आहे. वाचतां वाचतां मुलगी मध्येंच थांबली व म्हणाली, "आजोबा, येथें हाच शब्द कां बरें घातला असेल?" दुसऱ्या दिवशीं तिनें कवितेऐवजीं त्या एका शब्दाविषयीं चार ओळी लिहून नेल्या.

गुण निम्मेच मिळाले. परंतु त्या रात्रीं पुस्तक घेऊन ती आपण होऊन पणजीच्या खाटेशीं जाऊन बसली होती.