खाड्याचे पाचशे

दसरा झाला की बीड जिल्ह्यातली गावं रिकामी व्हायला लागतात. ट्रॉलीत भांडीकुंडी, गोधड्या, शेळी आणि लेकरं चढतात. टोळी कोल्हापूर-सांगलीकडे, नाहीतर कर्नाटकात ऊसतोडीला निघते. धारूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात या दिवसांत मोठं काम असतं ते गोळ्या मोजण्याचं.

वजन, बीपी, धनुर्वाताचं इंजेक्शन हे सगळं झपाट्यानं उरकतं. बाकावर पाचवा महिना लागलेली एक कोरडवाहू घरची बाई बसली आहे. हिमोग्लोबिन 8.6. गरोदरपणात ते 11 च्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. सिस्टर रक्तवाढीच्या लाल गोळ्यांच्या पट्ट्या एकेक करून तिच्या पिशवीत टाकते. रोज दोन, जेवणानंतर, चहाबरोबर नाही.

"अन् महिन्यानं रक्त परत तपासून घे. तिथल्या दवाखान्यात हे कार्ड दाखव."

"जावं कसं, सिस्टर? खाड्याचे पाचशे कोण भरणार?"

सिस्टर पुढची पट्टी मोजायला घेते.

नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल आधीच घेतलेली, तीही बहुधा खर्चून गेलेली. दोघांतलं एक जण बसलं तरी तो खाडा, आणि खाड्याला दंड. तपासणी फुकट, गोळ्या फुकट, दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांकडून होणारी खास तपासणीही फुकट. दिवस मात्र फुकट नाही. वाटखर्च धरला नाही तरी पाचशे.

त्याच गावातल्या बागायतदाराची सूनही गरोदर आहे. ती उपकेंद्रात येते ती नोंदणीपुरती. बाकी सगळं बीडच्या खाजगी डॉक्टरांकडे. सोनोग्राफीचे रिपोर्ट प्लास्टिकच्या फाइलमध्ये तारीखवार लावलेले. तिचा एक दिवस गेला तर कुणी पैसे कापत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशात किमान चार तपासण्या झालेल्या माता शहरांत सुमारे 68 टक्के, खेड्यांत 54 टक्के होत्या. जागतिक आरोग्य संघटना तर 2016 पासून आठ भेटी सांगते आहे. शहर-खेड्यातला हा फरक दिसला की 'अज्ञान' आणि 'जनजागृती' हे शब्द लगेच पुढे येतात. बाकावरच्या बाईला गोळ्या कशासाठी ते ठाऊक होतं, पुढची तारीखही पाठ होती. अडाणीपणाचा शिक्का तिच्यावर मारणं सोयीचं आहे, एवढंच.

फडावर तिचा दिवस पहाटे अंधारात सुरू होतो. ऊस तोडायचा, मोळी बांधायची, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकवर चढवायची. सातव्या-आठव्या महिन्यातही बायका हे करतात. राहायला पालाची कोपी. ती ज्या गावच्या शिवारात असते, तिथल्या आशाताईच्या यादीत ती सहसा नसते. आणि जिथल्या यादीत असते, तिथं आता घराला कुलूप.

कारखान्याच्या वजनकाट्यावर प्रत्येक गाडीचा ऊस नोंदला जातो. कोणत्या टोळीत किती कोयते, हेही कारखान्याला आणि मुकादमाला तोंडपाठ असतं. मग कोपीवर गरोदर बाया किती, हे मोजणं अवघड नाही. गाळप सुरू असेतो महिन्यातून एकदा नर्स आणि रक्ततपासणी तळावर न्यावी, आणि त्या दिवसाचा खाडा लावू नये. हा खर्च कारखान्यानं उचलावा.