बावन्न अंशांच्या देशातला थर्मोस्टॅट

२२ जून २०१० रोजी जेद्दाहमध्ये पारा ५२ अंशांवर गेला. २०२४च्या हजमध्ये मक्केत ५१.८ अंशांची नोंद झाली. अशा देशात गाडी हीट व्हायला लागली, की पहिला संशय थर्मोस्टॅटवर जातो. रियाध, दम्माम, जेद्दाहच्या ‘सनाइया’त, म्हणजे गॅरेजांच्या औद्योगिक वस्तीत, त्याला ‘बलफ हरारा’ म्हणतात. उपायही दोनच सांगितले जातात: ८२ अंशांचा काढून ७१चा बसवा, नाहीतर बलफच काढून टाका. आपल्याकडचे मेस्त्री तरी वेगळं काय सांगतात? ‘वॉल काढून फेका, गाडी थंड राहील.’ चिपळूण, खेड, म्हसळ्याच्या अनेक घरांतली माणसं सौदीत चाकावर पोट भरतात, त्यामुळे हा प्रश्न आपल्यालाही परका नाही.

थर्मोस्टॅट म्हणजे मेण भरलेली एक धातूची डबी. मेण वितळताना फुगतं, दांडा ढकलतं आणि झडप उघडते. सर्जियस व्हर्नेट यांनी १९३०च्या दशकात ही युक्ती मोटारीसाठी काढली. ती आजही चालते. जपानी थर्मोस्टॅटवर ७६.५, ८२ किंवा ८८ असा आकडा ठोकलेला असतो. झडप उघडायला सुरुवात होते ते हे तापमान. पूर्ण उघडायला त्यापुढे आणखी दहा-पंधरा अंश लागतात. सगळा गोंधळ इथे आहे, कारण लोक या आकड्याला इंजिनाचं कमाल तापमान समजतात. प्रत्यक्षात तो किमान तापमान ठरवतो.

कमाल ठरतं ते रेडिएटर, पंखा आणि बाहेरची हवा यांच्यावर. रेडिएटर किती उष्णता टाकेल, हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर अवलंबून असतं. पुण्यातली डिसेंबरची १५ अंशांची सकाळ घ्या: पाणी ९० अंशांवर असेल तर फरक ७५चा. रियाधच्या जुलैतली ४८ अंशांची दुपार घ्या: फरक उरतो ४२चा. तेवढीच उष्णता टाकायची तर पाण्याला वर चढावंच लागतं. सौदीतल्या काही महामार्गांवर वेगमर्यादा ताशी १४० किलोमीटर आहे. त्या वेगाने, एसी लावून, भरल्या गाडीत पाणी ९५च्या पुढे गेलं, की ७१चा आणि ८२चा असे दोन्ही थर्मोस्टॅट सताड उघडे असतात. मग फरक कुठून पडणार? हलक्या भारावर काटा थोडा खाली दिसेल, चढाला लागताना दोन-चार मिनिटांची सवलत मिळेल, इतकंच. पंखा विजेचा असेल आणि संगणकाने तो ९५ अंशांवर सुरू करायचा ठरवलेला असेल, तर सिग्नलला उभी असलेली गाडी तिथवर तापणारच.

मक्केकडून ताइफला जाणारा हदाचा घाट ही या सगळ्याची खरी परीक्षा. रस्ता नागमोडी वळणं घेत तापलेल्या सखल भागातून सुमारे दोन हजार मीटरवर चढतो. वेग कमी, भार जास्त, एसी चालू. त्या उंचीवर उघडं पाणी ९३ अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं १.१ किलो दाबाचं झाकण शाबूत असेल तर हाच आकडा ११८च्या घरात जातो. झाकणाचं रबर कडक झालेलं असेल, तर कुठल्याही अंशाचा थर्मोस्टॅट गाडी वाचवत नाही.

कमी अंशाच्या थर्मोस्टॅटने ताकद वाढते, हा दावा पूर्ण खोटा नाही. सिलिंडरच्या भिंती थंड राहिल्या तर नॉकिंग, म्हणजे पेट्रोलाचं अवेळी आपोआप पेटणं, कमी होतं. सौदीत ९१ आणि ९५ ऑक्टेनचं पेट्रोल मिळतं. ९१वर नॉकिंगमुळे संगणक ठिणगी उशिरा पाडत असेल, तर गमावलेली थोडी ताकद थंड पाण्याने परत येऊ शकते. शर्यतीसाठी संगणकाची मांडणी बदलणारे लोक ७१चा थर्मोस्टॅट वापरतात तो यासाठीच. पण ज्या इंजिनात नॉकिंगच नाही, तिथे मिळकत शून्य. शिवाय ५० अंशांची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे ९ टक्के विरळ असते. ती तूट कुठली झडप भरून काढणार?

कमी अंशाच्या थर्मोस्टॅटचे तोटे मात्र हिवाळ्यात दिसतात, आणि सौदीत हिवाळा असतो. उत्तरेत तुरैफला पारा शून्याखाली उतरतो. रियाधच्या जानेवारीतल्या रात्री दहा अंशांखाली जातात. इंजिन अजून थंडच आहे असं समजून संगणक जास्त पेट्रोल सोडतो, काही दिवसांनी ‘पी०१२८’ हा दोष दाखवतो. तेलातलं पाणी आणि पेट्रोल उडून जात नाही. थंड सिलिंडर गंजून लवकर झिजतो, हे ब्रिटिश संशोधकांनी १९३०च्या दशकातच दाखवलं होतं.

बलफ काढून टाकणं तर त्याहून वाईट. टोयोटाच्या अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या खाली दुसरी चकती असते. मुख्य झडप उघडली की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅटच काढला तर ही वाट कायमची उघडी राहते आणि काही पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात फिरतं. ‘पाणी फार जोरात धावतं, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही’ हे गॅरेजातलं स्पष्टीकरण चुकीचं आहे. वेगाने फिरणारं पाणी उष्णता जास्तच टाकतं.

बीएमडब्ल्यूने १९९०च्या दशकात एम६२ या व्ही-८ इंजिनात मेणाच्या डबीतच विजेची तार बसवली. हलक्या भारावर पाणी शंभरीपार ठेवून इंधन वाचवायचं, भार वाढला की मेण तापवून झडप आधी उघडायची. कमी अंशाच्या थर्मोस्टॅटकडून लोक मागतात ते काम असं, गरजेपुरतंच करायचं असतं.

गाडी हीट होत असेल तर आधी एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्यामध्ये अडकलेली वाळू धुऊन काढा. झाकण बदला, पंख्याचा क्लच तपासा, नळाच्या पाण्याऐवजी कूलंट भरा. थर्मोस्टॅटचा संशय असेलच तर तो पातेल्यात थर्मामीटरसह उकळून बघा. नवा घ्यावा लागला, तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेल्या अंशाचाच घ्या.