उभ्या गाडीची बॅटरी कोण खातं?

सकाळी सेल्फ मारला आणि नुसतं कट-कट वाजलं की शेजाऱ्यापासून गॅरेजच्या पोऱ्यापर्यंत सगळ्यांचं निदान एकच, "बॅटरी गेली, नवी टाका." निदान नगरच्या नागापुरात तरी हे कानावर पडू नये. इथल्या एमआयडीसीत एक्साइडचा बॅटऱ्यांचा कारखाना आहे, आणि नगरलाच वाहनांवर संशोधन करणारी डीआरडीओची व्हीआरडीई आहे. पण गाडी उभ्या-उभ्या बॅटरी उतरली की दोष बॅटरीचाच, हा समज इथेही हटत नाही.

मुळात किल्ली काढली म्हणून गाडीतली वीज पूर्ण बंद होत नाही. घड्याळ, इमोबिलायझर, रिमोटची वाट बघत बसलेलं सेंट्रल लॉक, इंजिनच्या कॉम्प्युटरची मेमरी हे सगळं थोडा-थोडा करंट घेतच असतं. बहुतेक गाड्यांत तो २० ते ५० मिलीॲम्पिअर असतो आणि त्यात बिघाड काही नाही. हिशेब करून बघा. लहान पेट्रोल गाडीत साधारण ३५ ॲम्पिअर-अवरची बॅटरी असते. ३० मिलीॲम्पिअरने दिवसाला ०.७२ ॲम्पिअर-अवर जातात, म्हणजे चांगली बॅटरी अर्धी व्हायलाच २४ दिवस लागतात. आठवडाभर गावाला जाऊन आलात तर काही बिघडत नाही.

आता डिकीतला ५ वॅटचा दिवा घ्या. झाकणाचा स्विच अडकून तो आत जळत राहिला, तर ०.४ ॲम्पिअर खातो, दिवसाला जवळजवळ १० ॲम्पिअर-अवर. चौथ्या दिवशी बॅटरी आडवी. तिथे तुम्ही कोरी करकरीत बॅटरी बसवा, ती पण चौथ्या दिवशीच आडवी होणार! वर नुकसान वेगळंच. गाडीची बॅटरी क्षणभर जोरात करंट द्यायला बनवलेली असते, तळापर्यंत रिकामी व्हायला नाही. तशी वारंवार झाली की प्लेटांवर सल्फेट घट्ट बसतं आणि धारणशक्ती कायमची घटते. मग वर्षभरात नवी बॅटरीही खरोखरच जाते आणि शिव्या कंपनीला बसतात.

म्हणून आधी मीटर. मल्टिमीटरची लाल वायर १० ॲम्पिअरच्या भोकात घाला, निगेटिव्ह टर्मिनल सोडवा आणि तो सुटलेला केबल व बॅटरीचा खांब यांच्या मध्ये मीटर जोडा. त्याआधी दाराची कुलपं स्क्रूड्रायव्हरने दाबून ठेवा, म्हणजे गाडीला दारं लागल्यासारखी वाटतील. बटनस्टार्टची किल्ली लांब घरात ठेवा. मीटर जोडलेला असताना सेल्फ मारू नका, मीटरचा फ्यूज उडेल. आणि लगेच आकडा वाचू नका, इथे भले-भले चुकतात. जोडल्या-जोडल्या गाडीतले कॉम्प्युटर जागे होतात, आकडा ॲम्पिअरमध्येही दिसतो. अर्धा-पाऊण तास थांबा. त्यानंतरही २००-३०० मिलीॲम्पिअर दिसले, तर कोणीतरी खातंय.

मग एकेक फ्यूज काढून बघा. ज्या फ्यूजला आकडा धाडकन खाली येतो, त्या लाइनवर चोर आहे. बाहेरून बसवलेल्या वस्तूंवर पहिला संशय घ्या: पार्किंगमध्येही रेकॉर्डिंग करणारा डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, अलार्म आणि सर्वांत जास्त म्हणजे म्युझिक सिस्टिम. सेटच्या मागे पिवळी वायर कायम सप्लायची असते, लाल किल्लीवरची. घाईत बसवणारा दोन्ही एकत्र पिळून वर इन्सुलेशन टेप गुंडाळतो, आणि किल्ली काढली तरी सेट जागाच राहतो. सगळे फ्यूज काढूनही आकडा हलला नाही, तर अल्टरनेटर बघा. त्याची जाड तार बहुधा या छोट्या फ्यूजांतून जात नाही, आणि आतला डायोड गळका असेल तर गाडी बंद असतानाही तिथून करंट वाहतो. डिकीच्या दिव्याला तर मीटरही नको, मोबाइलवर व्हिडिओ चालू करा, आत ठेवा आणि झाकण लावा.

बाकीच्या गप्पा थोडक्यात. टर्मिनल लावताना बारीक ठिणगी पडली म्हणजे शॉर्ट, असं नाही. आधुनिक गाडीत कपॅसिटर भरताना ती पडतेच. फास्टॅगमुळे बॅटरी उतरत नाही, त्याला गाडीच्या वायरिंगची जोडणीच नसते. बॅटरी फरशीवर ठेवली की उतरते, हे जुन्या काळच्या खोक्यांचं दुखणं, आजच्या प्लॅस्टिकच्या खोक्याला फरशी आणि फळी सारखीच. रोज दहा मिनिटं जागेवर इंजिन चालवल्याने उतरलेली बॅटरी भरत नाही, त्याला काही तास लागतात. आणि चालू इंजिनावर टर्मिनल काढून 'डायनामो चेक' करणाऱ्याला गाडीला हात लावू देऊ नका. चार्जिंग चालू असताना बॅटरी अचानक सुटली तर काय होतं याची चाचणी आयएसओ १६७५०-२ या मानकात आहे, आणि १२ व्होल्टच्या गाडीसाठी त्यात संरक्षण नसताना ७९ ते १०१ व्होल्टचा झटका धरलेला आहे. तो झटका गाडीच्या कॉम्प्युटरने का सोसावा?

बॅटरी खरंच जाते, नाही असं नाही, आणि नगरच्या उन्हाळ्यात लवकर जाते. पण तेही सिद्ध करता येतं. चार्जरवर पूर्ण भरा, निगेटिव्ह केबल सोडवा, काही तास थांबून व्होल्टेज मोजा, साधारण १२.६ यायला हवं. केबल सुटलेलाच ठेवून सकाळी पुन्हा मोजा. कुठलीही तार जोडलेली नसताना ते १२.२ वर आलं असेल, तर खुशाल नवी बॅटरी घ्या.