चंद्री गेली आणि आजींच्या छातीत कळ येऊ लागली

२०२२ सालच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. सत्तरीच्या एक आजी सुनेला घेऊन दवाखान्यात आल्या. तक्रारी नेहमीच्याच होत्या. छातीत कळ येते, अन्नाला चव लागत नाही, पहाटे चारला जाग येते ती पुन्हा डोळा लागत नाही. रक्तदाब थोडा वाढलेला होता. कार्डिओग्राम काढला, तो चांगला आला. साखर ठीक, रक्त वयाच्या मानाने बरे. "आजी, काळजी करण्यासारखं काही नाही," असे सांगून मी पित्ताच्या आणि शक्तीच्या गोळ्या लिहून दिल्या आणि पुढच्या रुग्णाला आत बोलावले.

पंधरा दिवसांनी आजी पुन्हा आल्या तेव्हा त्यांचे वजन तीन किलोने घटले होते. आता मात्र मी खुर्चीत नीट बसलो. घरात काही झाले का, मुलगा नीट वागतो का, जमिनीचा वाद, कर्ज, कुणाचे आजारपण, सगळे विचारून पाहिले. आजी प्रत्येक प्रश्नाला "न्हाई, न्हाई" म्हणत होत्या. त्या बाहेर गेल्यावर सून दारात घुटमळली आणि हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टर, हसू नका, पण आमची चंद्री लंपीत गेली. तवापासून आत्याबाई अशाच हायेत. पहाटे चारला उठत्यात आणि चरवी घेऊन रिकाम्या गोठ्यात जाऊन उभ्या राहत्यात."

मी हसलो नाही. पण हा प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता, हे मात्र खरे. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातला. खेड्यातल्या माणसाचे कुटुंब घराच्या उंबऱ्याशी संपत नाही, ते गोठ्यापर्यंत असते, हे मला कोणी शिकवायची गरज नव्हती. केसपेपरवर "घरात माणसे किती" असा रकाना असतो, "जनावरे किती" असा नसतो. मीही रकान्याप्रमाणेच विचारत गेलो.

चंद्रीची आई ती जन्मली तेव्हाच गेली होती. आजींनी त्या कालवडीला बाटलीने दूध पाजून वाढवले. पुढे बारा वर्षे रोज दोन वेळा आजींचे कपाळ त्या गाईच्या कुशीला टेकलेले असे. लंपी झाल्यावर अंगावर गाठी उठल्या, पाय सुजले, खाणे सुटले. आजी रात्र रात्र गोठ्यात बसून कडुनिंबाच्या पाण्याने जखमा पुसत होत्या. (लंपीचा विषाणू माणसाला बाधत नाही, त्यामुळे त्या सेवेत आजींना धोका नव्हता. हा रोग जनावरांत माश्या, डास आणि गोचिडांमार्फत पसरतो.) गाय वाचली नाही. सरकारने त्या साथीत दुभत्या गाईमागे ३० हजार रुपयांची मदत दिली, ती या घरालाही मिळाली. तेव्हापासून आजी हळहळल्या की शेजारीपाजारी म्हणत, "पैसं मिळालं की! दुसरी आणा." मुलगाही चिडून म्हणाला होता, "माणूस गेल्यावाणी काय करतीस?" त्या दिवसापासून आजींनी बोलणेच बंद केले आणि मग छाती बोलू लागली.

अमेरिकेतील केनेथ डोका या अभ्यासकांनी १९८९ मध्ये अशा दुःखावर पुस्तक काढले. ज्या दुःखाला समाजाची मान्यता नाही, ते माणसाला उघड रडून मोकळे होऊ देत नाही, असे त्यांचे म्हणणे. आपल्याकडे माणूस गेले की दहा दिवस लोक येऊन बसतात, चहापाणी शेजारून येते, रडणाऱ्याला रडू देतात. गाय गेली तर? जेसीबीने खड्डा घेतला, मीठ-चुना टाकला, संपले.

दुःखाने हृदयाचा आकार बदलतो

दुःख शरीरात उतरते, हे आता नुसते बोलण्यापुरते राहिलेले नाही. जपानमधील डॉक्टरांनी १९९० च्या सुमारास हृदयाचा एक विकार नोंदवला. मोठा मानसिक धक्का बसला की हृदयाचा डावा कप्पा खालच्या बाजूने फुग्यासारखा फुगतो आणि नीट आकुंचन पावत नाही. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला अरुंद तोंडाचे आणि गोल बुडाचे मडके वापरतात. हृदय तसेच दिसते म्हणून त्या मडक्याचेच नाव, 'ताकोत्सुबो', विकाराला पडले. लक्षणे हुबेहूब हृदयविकाराच्या झटक्यासारखी असतात, कार्डिओग्रामही बिघडलेला येतो, पण रक्तवाहिन्या मोकळ्या निघतात. पाळी गेलेल्या स्त्रियांत तो अधिक आढळतो. बहुतेक रुग्ण काही आठवड्यांत बरे होतात. २०१७ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन' या प्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात टेक्सासमधील एका ६१ वर्षांच्या बाईंची हकिगत आली. त्यांना हा विकार झाला, तो त्यांचा पाळीव कुत्रा मेल्यानंतर.

आमच्या आजींना ताकोत्सुबो झालेला नव्हता. पण एक गोष्ट इथे स्पष्ट करतो. छातीत कळ आली की "मनाला लावून घेतलंय" म्हणून घरी बसू नका. आधी कार्डिओग्राम काढा, डॉक्टरला दाखवा. मनाचा विचार त्यानंतर, पण तो करायचा हे मात्र विसरायचे नाही.

पान्ह्याची किमया

आता हे नाते जडते तरी कसे? धार काढणाऱ्या कुणालाही विचारा, ओळखीच्या हाताला गाय पान्हा सोडते, परक्याला चोरते. वासराने ढुशी दिली किंवा सडांना हात लागला की ती जाणीव मज्जातंतूंतून मेंदूपर्यंत जाते. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचे संप्रेरक रक्तात सुटते. ते साधारण मिनिटाभरात कासेत पोहोचते, दुधाच्या पिशव्यांभोवतीच्या पेशी आवळल्या जातात आणि दूध खाली उतरते. त्याचा जोर थोडी मिनिटेच टिकतो, म्हणून धार एका बैठकीत आणि झपाट्याने काढावी लागते. रोजच्या सवयीच्या गाईला तर चरवीचा नुसता आवाज पुरतो. उलट गाय भ्यालेली असेल, कुणी तिला मारले असेल, तर ॲड्रिनॅलिन हे भीतीचे संप्रेरक आडवे येते आणि पान्हा अडतो. म्हणून मारकुट्या गड्याच्या हाताला दूध कमी, ही आपल्या आज्यांची समजूत अगदी शास्त्राला धरून आहे.

खरे नवल पुढेच आहे. बाळ रडले की आईला पान्हा फुटतो, तोही याच ऑक्सिटोसिनमुळे. नऊ अमिनो आम्लांचा हा छोटासा रेणू गाईत, कुत्र्यात आणि माणसात एकच आहे. अमेरिकन शास्त्रज्ञ व्हिन्सेंट द्यू व्हिन्यो यांनी १९५३ मध्ये तो प्रयोगशाळेत तयार केला आणि १९५५ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळवले. आज बाळंतपणात रक्तस्राव थांबवण्यासाठी हेच औषध जगभर आयांचे प्राण वाचवते.

हे संप्रेरक दुधापुरतेच नाही, मायाही लावते. व्यालेली गाय वासराला चाटते त्या पहिल्या काही मिनिटांतच तिची ओळख पक्की होते. मग कळपात दहा वासरे असोत, ती आपलेच हुंगून काढते. जपानमधील आझाबू विद्यापीठातील संशोधकांनी २०१५ मध्ये दाखवले, की कुत्रा आणि मालक एकमेकांच्या डोळ्यांत जितका वेळ पाहत राहतात, तितके दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन वाढते. माणसाने हाताने वाढवलेल्या लांडग्यांत मात्र असे घडले नाही. हजारो वर्षांच्या सहवासाने कुत्र्याने आपल्या मायेची वाटच जणू उचलली आहे. ब्रिटनमधील न्यूकॅसल विद्यापीठाच्या दोन संशोधकांनी तर ५१६ दूध उत्पादकांना विचारून २००९ मध्ये लिहिले, की ज्या गोठ्यांत गाईंना नावे होती तिथे वर्षाला सरासरी २५८ लिटर दूध जास्त निघत होते. यावर जगभर हसाहशी झाली. आपल्याकडे हसू यायचे कारण नाही. बिननावाची गाय आपण पाहिलीय कुठे? कपिला, हरणी, ढवळी, तांबू. नाव आधी, दावे नंतर.

माणसाला याचा फायदा किती होतो? एरिका फ्रीडमन यांच्या अमेरिकेतील १९८० च्या अभ्यासात हृदयविकाराचे ९२ रुग्ण वर्षभर पाहिले गेले. जनावर पाळणाऱ्या ५३ जणांपैकी ३ दगावले, न पाळणाऱ्या ३९ जणांपैकी ११. आकडे मोठे बोलके वाटतात, पण माझा सल्ला जपून घ्या. जो हिंडता-फिरता आहे तोच कुत्रा पाळतो, हेही असू शकते. त्यामुळे रक्तदाबाच्या गोळ्या बंद करून मांजर आणू नये!

माया करा, पण हात सांभाळा

एका चुकीबद्दल इथे सांगितलेच पाहिजे, कारण ती मायेपोटीच होते. गाय किंवा म्हैस लाळ गाळते, तिला गिळता येत नाही, ओरडण्याचा आवाज बदलतो. घरधनी समजतो की घशात काही अडकले, आणि कोपरापर्यंत हात तोंडात घालतो. ही लक्षणे रेबीजची असू शकतात. तो फक्त कुत्र्यांचा रोग नव्हे, पिसाळलेले कुत्रे चावल्यास गाई-म्हशींनाही होतो, आणि त्याचा विषाणू लाळेत असतो. हातावर साधा ओरखडा असला तरी पुरे. असा हात घातला गेला असेल तर वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा. हळद, चुना, तिखट काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पूर्वी पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागत, त्या धास्तीने आजही लोक टाळाटाळ करतात. ती जुनी लस देशात २००४ पासून बंद झाली आहे. आताची लस दंडात थोड्याच वेळा घ्यायची असते, पण ठरलेली एकही तारीख चुकवू नये. एकदा लक्षणे दिसू लागली की हा रोग जवळजवळ नेहमीच जीव घेतो. गाय गाभडली किंवा वार अडकली तर ती उघड्या हातांनी काढू नका, त्यातून ब्रुसेलोसिस नावाचा हटवादी ताप लागतो. आणि दूध घरच्या गाईचे असले तरी उकळूनच प्या.

आजींचे पुढे काय केले ते सांगतो. औषध फारसे बदलले नाही. मुलाला एकट्याला बोलावून सांगितले, की आईला गाईबद्दल बोलू द्या, ती रडली तर थांबवू नका, आणि "दुसरी आणू" हे वाक्य महिनाभर तोंडातून काढू नका. त्याला आधी ते पटेना. मग तो खाली बघत म्हणाला, "डॉक्टर, मलाबी लई वाईट वाटलं वो. पण बापय माणसानं काय करायचं?" त्यानेच मग चंद्रीच्या गळ्यातली घुंगरांची पट्टी, जी घाईघाईत माळ्यावर टाकली होती, काढून आईच्या हातात दिली. त्या रात्री मायलेक दोघेही रडले, असे सुनेने सांगितले. पहाटे जाग येतच होती. तेव्हा रिकाम्या गोठ्यात उभे राहण्याऐवजी सुनेबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत चालायला सांगितले. तीन-चार आठवड्यांत अन्न जाऊ लागले, छातीतली कळ कमी झाली. दोन महिन्यांत फरक पडला नसता, तर मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याचे मी ठरवले होते. तशी वेळ कुणावर आली तर त्यात लाज वाटण्यासारखे काही नाही.

संक्रांतीनंतर आजींनी आपण होऊन भावाच्या घरून एक कालवड आणली. ती चंद्रीसारखी अजिबात नाही, भारी खोडकर आहे, असे त्या पहिल्याच भेटीत तक्रारीच्या सुरात म्हणाल्या. गेल्या महिन्यात रक्तदाब तपासायला आल्या होत्या. संध्याकाळचे पाच वाजले होते, बाहेर सात-आठ रुग्ण बसले होते आणि आजींची आत चुळबुळ चाललेली. "डाक्टर, माझं आधी बघा," त्या म्हणाल्या, "धारंची वेळ झाली. ती माझ्याबिगर पान्हा सोडत न्हाई."